तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही

मला जगात एकच मत आहे, आणि ते मी राहते त्या देशातलं नाही.

स्लाऊमध्ये घर घेतल्याला अकरा वर्षं झाली. समोरच्या घरात पुण्याचं एक जोडपं दोन वर्षांच्या वर्क व्हिसावर आलंय. कुठल्या दिवशी कचऱ्याचा कुठला बिन बाहेर ठेवायचा हे त्यांना अजून कळत नाही, पण कौन्सिलच्या निवडणुकीला दोघं नटूनथटून मत देऊन येतात. भारत कॉमनवेल्थमधला, म्हणून भारताचा पासपोर्ट असला की इथे मत देता येतं. माझा तो पासपोर्ट ओहायोत असताना गेला. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, जुन्या पासपोर्टवर रद्दचा शिक्का बसला आणि दोनच वर्षांत ह्यांच्या कंपनीने आम्हाला इंग्लंडला धाडलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. इथल्या नागरिकत्वाचा फॉर्म भरू भरू म्हणता राहिला. विषय काढला की ह्यांचं ठरलेलं उत्तर, "होईल गं, घाई कसली?" तेव्हा नागपूरला माझं मत नाही, स्लाऊला नाही. चार-चार वर्षांनी ओहायोतून ईमेलवर येणारी मतपत्रिका तेवढी माझी.

म्हणून मी ती फार गांभीर्याने घेते. घरात सगळे हसतात, हसोत.

तिथे राष्ट्राध्यक्ष निवडायच्या आधी पक्षाचा उमेदवार कोण असावा हेही लोकच ठरवतात. त्या पहिल्या निवडणुकीला प्रायमरी म्हणतात. माझी पहिली प्रायमरी लेकीच्या शाळेच्या जिममध्ये होती. टेबलाशी बसलेल्या आजीबाईंनी खणखणीत आवाजात विचारलं, "कुठल्या पक्षाची मतपत्रिका देऊ?" मी गारच पडले. आमच्या बाबांनी उभ्या जन्मात आईलासुद्धा आपलं मत कुणाला ते सांगितलं नव्हतं, आणि इथे मागे रांगेत शेजारचे उभे असताना पक्षाचं नाव मोठ्याने घ्यायचं. डॉक्टरला दुखणं सांगावं तसं मी खाली वाकून हळूच सांगितलं. बाई म्हणाल्या, "जरा मोठ्याने बोला." ज्याला मत दिलं तो उमेदवार पुढच्या आठवड्यात शर्यत सोडून घरी गेला.

पुढच्या खेपेला मी इंग्लंडमधून मत पाठवलं. तोही उमेदवार मोजणीच्या आधीच बाहेर. मतपत्रिकेवर त्याचं नाव तसंच होतं, माझी खूण तशीच होती आणि माणूस मात्र भलत्याचाच हात धरून व्यासपीठावर हसत होता. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. हे म्हणाले, "तू कुणाला देणार ते आधी सांगत जा, म्हणजे आम्ही त्याच्या नादी लागणार नाही." तर असा माझा पायगुण.

काही राज्यांत मात्र प्रायमरी नसते, कॉकस असतो. लोक संध्याकाळी एका हॉलमध्ये जमतात आणि आपापल्या उमेदवारासाठी हात वर करतात, नाहीतर उठून एकेका कोपऱ्यात जाऊन उभे राहतात. सगळं सगळ्यांदेखत. ओहायोतल्या आमच्या शेजारीणबाई आयोवाच्या होत्या. त्यांनी सांगितलं होतं की त्यांचा नवरा एकदा त्यांचा कोपरा सोडून समोरच्या कोपऱ्यात गेला आणि परतताना गाडीत दोघं अवाक्षर बोलले नाहीत. मला तेव्हा खूप हसू आलं होतं. एवढ्यातेवढ्यावरून काय रुसायचं, असं वाटलं होतं.

यंदा आमच्या पक्षाच्या परदेशातल्या मतदारांची प्रायमरी झाली, आणि चमत्कार म्हणजे माझा उमेदवार टिकला. मग त्याच्या पाठीराख्यांची एक सभा केंब्रिजला ठरली. पक्षाच्या अमेरिकेतल्या मोठ्या अधिवेशनात जिथे उमेदवारीवर शिक्कामोर्तब होतं तिथे आमच्या भागातून कुणी जायचं, ते त्या सभेत ठरणार होतं. बायकांसाठी जागा एक.

ती मला हवी होती. आजवर इतकं सरळ मी कशालाच 'हवं' म्हटलं नव्हतं. नऊ महिने दर मंगळवारी संध्याकाळी हेडफोन लावून मी या देशभर विखुरलेल्या अमेरिकन मतदारांना फोन करत होते. मतपत्रिका मागवलीत का? कुठे सही करायची ते बघितलंत का? नॉटिंगहॅमचे एक आजोबा दर वेळी आपल्या गुडघ्याचं सांगायचे, तेही ऐकायचे. आणि लेक मागे लागली होती. ती आठ वर्षांची असताना आम्ही इथे आलो. आता परत ओहायोत कॉलेजला गेलीये. फोनवर म्हणाली, "आई, तू नेहमी बाजूला बसते. मराठी मंडळात पण, घरात पण. या वेळेला तू उभा राहा. तू गेलीस ना, तर मी बस घेऊन येईल आणि वरती गॅलरीत बसेल." मी तिला शब्द दिला. उभी राहीन, म्हटलं. जिंकेन असं नाही म्हटलं, उभी राहीन एवढंच.

हे सगळं मी ताईंना सांगितलं. ताई म्हणजे माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या, दादरच्या, न्यूजर्सीत वीस वर्षं दातांचा दवाखाना चालवून इथे लेकाजवळ आलेल्या. आमच्या ओळखीत अमेरिकेच्या निवडणुकीत मत असलेल्या मराठी बायका आम्ही दोघीच. फरक एवढाच की ताईंनी वेळच्या वेळी फॉर्म भरून इथलंही नागरिकत्व घेतलं होतं, त्यामुळे त्यांना दोन्हीकडे मत. मंडळाचं पान त्यांच्यावाचून हलत नाही. आणि त्यांच्या घरचा आग्रह तर स्लाऊपासून रेडिंगपर्यंत प्रसिद्ध. पानावर दोन्ही हात आडवे धरले तरी त्या बोटांच्या फटीतून पुरणपोळी सरकवतात. मला एकदा म्हणाल्या होत्या, "पहिलं नको लाजेचं असतं, दुसरं रीतीचं. तिसऱ्यांदा नको म्हटलं तर मी ऐकते. आपल्या माणसाला तीनदा विचारावं गं."

ताईंनीच माझं नाव सुचवायचं असं ठरलं. "मी आहे ना," त्या म्हणाल्या. "तू फक्त भाषणाचं बघ."

सभेच्या दिवशी आम्ही दोघी सकाळच्या ट्रेनने निघालो. फॅरिंग्डनला गाडी बदलली. ताईंनी दडपे पोहे आणले होते, पण मी नुसती वाटी हातात धरून बसले. सूचकाने नाव सुचवायचं, अनुमोदकाने हात वर करायचा, मग उमेदवाराने संमती द्यायची आणि एक मिनिट बोलायचं, असा क्रम होता. माझं मिनिट मी पंधरा दिवस घोटलं होतं. ते मी ताईंना गाडीत म्हणून दाखवलं, आधी नागपूरचं सगळं आणि शेवटी हे. "मला या जगात एकच मत आहे. जिथे जन्मले तिथलं मी सोडलं, जिथे राहते तिथलं मला मिळालं नाही. म्हणून हे एक मत मी हातात धरून तिथे घेऊन जाईन."

ताईंनी चमचा खाली ठेवला. "पुन्हा म्हण," म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं.

"सुरुवातच याने कर. नागपूर वगैरे सगळं ड्रॉप कर, तिथे टायमर लावतात ते लोक," ताई म्हणाल्या. "आणि ते 'हातात धरून' म्हणताना जरा थांब. छान वाटतं ते." पुढच्या स्टेशनपर्यंत त्यांनी मला ते चारदा म्हणायला लावलं. माझ्यावर एवढी मेहनत शाळा सुटल्यापासून कुणी घेतली नव्हती, आणि मला भरून आलं होतं हे कबूल करते.

सभा एका चर्चच्या हॉलमध्ये होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचं मोठं तोटीवालं भांडं, चाळीसेक माणसं. बहुतेक विद्यापीठातले, काही माझ्यासारख्या नवऱ्यामागे आलेल्या बायका. सभेच्या अध्यक्ष टेक्ससच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, चष्मा गळ्यात, आवाज वर्गातला. पुरुषांची जागा दहा मिनिटांत उरकली. मग बायकांच्या जागेसाठी नावं मागवली गेली आणि ताई उभ्या राहिल्या. माझं नाव घेतलं, नऊ महिन्यांचे फोन सांगितले, छान बोलल्या. सायकलचं हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेल्या एका संशोधक मुलीने अनुमोदन दिलं. लोकांनी वळून माझ्याकडे बघितलं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्ही हे नामांकन स्वीकारता का?"

पुढे जे झालं ते मी इतक्या वेळा मनात फिरवलंय की आता त्याची धारसुद्धा बोथट झालीये. मी उभी राहिले. भाषण तोंडपाठ होतं, लेकीला दिलेला शब्द डोक्यात होता. आणि माझ्या तोंडून इंग्रजीत आलं, "तुमचा फार मोठेपणा, पण खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा कितीतरी लायक माणसं इथे बसली आहेत." वर मान खाली घालून हसले. आणि बसले.

बसले, कारण आमच्यात असंच करतात. मंडळात कुणाचंही नाव अध्यक्षपदासाठी आलं की तो माणूस आधी "छे छे, मी कसला" म्हणतो. मग दोघं-तिघं म्हणतात, "नाही नाही, तुम्हीच." तो पुन्हा नको म्हणतो. मग कुणीतरी वडीलधारं दटावतं, "आता पुरे झालं, व्हा उभे," आणि टाळ्या पडतात. पहिल्या फटक्यात हो म्हणणाऱ्याला आमच्यात हावरट म्हणतात. मला नकार द्यायचा नव्हता. मी नुसती वाट बघत होते.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुमच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो," आणि हातातल्या कागदावर एक रेघ मारली.

मी ताईंकडे बघितलं. त्या हॉलमधल्या चाळीस माणसांपैकी माझ्या 'नको'चा अर्थ कळणारं एकच माणूस होतं. त्या मुलीला कळणं शक्य नव्हतं, टेक्ससच्या बाईंना तर नाहीच. नुसतं "अहो थांबा, ती लाजतेय" एवढं कुणी म्हणायला हवं होतं. ताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर ते मला स्पष्ट दिसलं, त्यात माझी चूक होत नाही.

मग त्या म्हणाल्या, "त्यांची इच्छा नसेल तर मी माझं नाव द्यायला तयार आहे."

"अनुमोदन?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

कुणी हललं नाही. ताईंना तिथे कोण ओळखत होतं? ताई माझ्याकडे बघत राहिल्या. आणि मी हात वर केला. कुणी माझा हात धरून वर केला नाही, मीच केला. मोठं माणूस एकटं उभं आहे, सगळे बघताहेत आणि आपण खाली मान घालून बसायचं, हे मला जमलंच नसतं. माझ्या नावावर रेघ पडून मिनिटही झालं नव्हतं आणि मी माझीच जागा घेणाऱ्या बाईला अनुमोदन देऊन मोकळी झाले होते. बावळट ते बावळट, दुसरं काय.

त्यांच्या विरोधात दुसरं एक नाव आलं, त्या हेल्मेटवाल्या मुलीचंच. मग दोघींची एकेक मिनिटाची भाषणं. ताई आधी उठल्या. पदर सारखा केला, हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "मला या जगात एकच मत आहे."

मला वाटलं, पुढे तरी स्वतःचं काही बोलतील. नाही. जिथे जन्मले तिथलं सोडलं, जिथे राहते तिथलं मिळालं नाही. आणि 'हातात धरून'च्या आधी त्या थांबल्या, मला शिकवलं होतं अगदी तेवढ्याच. मागच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसायला लागल्या. गेल्याच वर्षी ताईंनी स्लाऊच्या मतदान केंद्राबाहेर उभं राहून काढलेला फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. मी तेव्हा त्याला हार्ट दिलं होतं. मी उठून एवढं एक वाक्य सांगू शकले असते. चाळीस परक्या माणसांसमोर आपल्या माणसाला खोटं पाडायचं नाही, हेही घरूनच घेऊन आले होते ना.

चिठ्ठ्यांवर मतदान झालं. ताई तीन मतांनी निवडून आल्या. माझी चिठ्ठी मी कोरी टाकली. दिवसभरात मी माझ्या मनाने केलेली गोष्ट तेवढी एकच, आणि ती कुणाला कळली नाही.

परतीच्या गाडीत ताईंनी उरलेले पोहे काढले. "खा गं, सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या." मी खिडकीबाहेर बघत होते. हिचिन गेलं, स्टीव्हनेज गेलं.

शेवटी मी म्हटलं, "ताई, तुम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"ते माझं पहिलं नको होतं, हे."

"मग? तूच नको म्हणालीस ना? मीटिंगमध्ये नको म्हणजे नको. तिथे काय हळदीकुंकू होतं का?" आवाज चढला होता, पण माझ्याकडे बघत नव्हत्या. मग डब्याचं झाकण लावत जरा खाली येऊन म्हणाल्या, "मलाही जायचं होतं गं. सगळे मला ताई ताई म्हणतात, हॉल बुक करा म्हणतात, केटररला फोन करा म्हणतात. तुम्हाला काय हवंय असं आजवर कुणी विचारलं? मला तिथे दिसलं की जागा रिकामी आहे. एका क्षणात दिसलं."

"मला आधी सांगितलं असतंत तर मी नावच दिलं नसतं."

"तेच," ताई म्हणाल्या. "लगेच सोडलं असतंस. म्हणजे तुला ते तेवढं हवंच नव्हतं."

या वाक्याने मला जेवढं लागलं तेवढं त्यांच्या भाषणाने लागलं नव्हतं. भाषण चोरलं ते चोरलं. पण मी सोडून देणाऱ्यांतली आहे हे त्यांनी कधीचं हेरून ठेवलं होतं, आणि सकाळी मला चारदा भाषण म्हणायला लावताना तेही त्यांना ठाऊक होतं. मला त्यांचा संताप आला, अजूनही येतो. मंडळात समोरासमोर आलो की मी "नमस्कार ताई" म्हणते आणि चप्पल शोधायला लागते. त्या अधिवेशनाला जाऊन आल्या. मंडळाने त्यांचा सत्कार केला. सत्काराला माणसं जमवायचं काम माझ्याकडे आलं होतं, आणि मी ते केलं.

पण हा सगळा संताप ताईंच्या खात्यावर टाकला तरी मला झोप लागत नाही, ती वेगळ्या कारणाने.

त्या संध्याकाळी स्लाऊ स्टेशनवर ताईंचा लेक त्यांना न्यायला आला होता. मला सोडतो म्हणाला, मी चालत जाते म्हटलं. पुलाखालून बाहेर पडतेय तोच लेकीचा फोन. तिच्याकडे भर दुपार. मागे मुलींचा गलका ऐकू येत होता, मग तिने दार लावलं आणि तो थांबला.

"आई, काय झाला? मी सकाळपासून फोन हातात घेऊन बसलीये."

खरं सांगायचं मनात होतं. जिभेवर होतं. बेटा, तिथे मला विचारलं आणि मी नको म्हणाले, मला वाटलं पुन्हा विचारतील. पण हे त्या मुलीला इंग्रजीत कसं सांगणार? आणि मराठीत सांगितलं तर ती म्हणणार, मग तू नको का म्हणाली? म्हणून मी म्हटलं, "गेलं गं. तीन मतांनी गेलं."

तिने नाक ओढलं. मला वाटलं कळलं हिला. "आई, तीन मतांनी? म्हणजे किती लोकांनी तुला वोट दिला. आय अ‍ॅम सो प्राउड ऑफ यू. हरला तर हरला, त्याचा काय. माझी आई सगळ्यांच्या समोर उभा राहिली. मी आत्ता रूममेटला पण सांगितला. तू बोललीस ना, आई? ते एक मताचा? सगळ्यांच्या समोर?"

रस्त्यावरून बस गेली तोवर मला वेळ होता. नाही म्हणायला तेवढा पुरेसा होता.

तिने एकदाच विचारलं होतं. मी पहिल्याच खेपेला हो म्हणाले.